तंबूच्या पाठीचं ठिगळ

"आई, ऐका हं. 'संध्याकाळ झाली की वाळूतल्या बारीक माश्या घोट्यापासून वर चावत जातात.' घोट्यापासून वर! कुठपर्यंत, ते दिलेलंच नाही."

लाँच डुलत होती. जावईबापू एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं मोबाइल धरून मोठ्यानं वाचत होते. शेजारी बसलेल्या टाकेबाईंनी पत्र्याचा एक जड डबा दोन्ही पावलांच्या मध्ये घट्ट धरून ठेवला होता.

"चावू देत. पुढं काय म्हणतोय?"

"'बेटावरच्या किनाऱ्यावर तंबूत राहायला जाताना काय अपेक्षा ठेवावी' असा लेख आहे. नारळाच्या झाडाखाली झोपू नये. भरती कुठवर येते ते आधी बघावं. ऊन चढलं की तंबूची भट्टी होते. वाळू जेवणात येते, अंथरुणात येते, ती येणारच असं समजून चालावं. कपडे वाळत नाहीत. पाऊस न सांगता येतो." एकेका वाक्याबरोबर जावईबापूंचा चेहरा उतरत चालला होता. "आणि हे बघा, 'किनाऱ्यावरचे रिकामे शंख उचलून घरी नेऊ नयेत, कारण...'"

"कारण?"

"गेलं. नेटवर्क गेलं."

"अहो, नेमकं कारणावरच कसं गेलं?"

"आता मी काय करू? गोल गोल फिरतंय नुसतं."

टाकेबाई चुकचुकल्या. अर्धवट राहिलेली गोष्ट त्यांना कधी सोसली नाही. शेजारणीनं भांडणाची हकीकत मध्येच सोडली, तर त्या हातातलं काम टाकून तिच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. त्यात आज हा शंखांचा प्रश्न त्यांच्या अगदी पायाशी होता. डब्यात शंखच होते, काठोकाठ भरलेले. आणि ते बेटावरून घरी नव्हे, घरून बेटावर चालले होते.

"सगळं जग समुद्रावरून शंख आणतं," जावईबापू डब्याकडे बघत म्हणाले. "समुद्राला शंख नेऊन देणारे आपण पहिलेच."

"पहिले कसे? तुमचे सासरे दरवर्षी न्यायचे."

यावर जावईबापूंनी मोबाइल खिशात ठेवला. सासऱ्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते.

टाकेबाईंना हे नाव कारखान्यात पडलं होतं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. तिथं तंबू शिवले जायचे. लग्न होऊन आल्यावर त्या तिथं मशीनवर बसल्या त्या बसल्याच. आणि त्यांचा नवरा खुंटेभाऊ. तेच तंबू नेऊन खुंट्या मारून उभे करायचं त्याचं काम. "एक शिवते, एक ठोकतो, मग घरी भांडायला राहतं काय?" असं लोक चिडवायचे. राहायचं, बरंच राहायचं.

पाऊस सरला की खुंटेभाऊ तंबूंच्या गुंडाळ्या लाँचवर चढवून बेटावरच्या कॅम्पला जायचे, ते मोसम संपल्यावरच परत यायचे. तिथं तंबू उभे करायचे, वाऱ्यानं ढिले झालेले दोर ताणायचे, फाटकं-तुटकं सांभाळायचं आणि शेवटी सगळं उतरवून दुरुस्तीसाठी कारखान्यात आणून टाकायचं. म्हणजे अर्धं वर्ष बायकोचं आणि अर्धं बेटाचं.

"तिथं असं आहे तरी काय?" टाकेबाई दरवर्षी विचारायच्या.

"काही नाही. वाळू नि पाणी."

आता वाळू आणि पाणी बघायला माणूस शीळ घालत पिशवी भरतो होय? आणि परत आल्यावर आठ-आठ दिवस खिडकीबाहेर बघत बसतो? दुसरी एखादी बाई असती तर टाकेबाईंनी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण सवत म्हणून एक अख्खं बेट समोर आलं तर त्याचं काय करायचं? त्या चिडायच्या, धुसफुसायच्या आणि मुकाट मशीनवर बसायच्या. मोसमात मशीनला विसावा नसायचा, त्यामुळे सोबत जायचा विषय कधी निघालाच नाही.

शंखांचं वेड त्यातलंच. पावसाळ्यात घरी असले की खुंटेभाऊ मासळीबाजारात जाऊन रिकामे शंख गोळा करायचे. कुणाच्या घरी शंख दिसला की विचारायचे, "हा तुम्हाला लागतो का हो?" लेकीचं लग्न ठरवायला मंडळी जमली होती, देण्याघेण्याचं बोलणं ऐन रंगात आलं होतं, तेव्हा या गृहस्थानं विहीणबाईंच्या शोकेसकडे बोट दाखवून विचारलं होतं, "तो सोनेरी काठाचा शंख द्याल का?" विहीणबाईंनी त्या शंखाच्या तोंडाला हौसेनं सोनेरी रंग लावलेला. त्यांनी दिला, पण असा दिला की टाकेबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला जे सुनावलं, ते चाळीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

आणि दुसरं ते भोक.

तंबू परत आले की टाकेबाई ते पसरून बघायच्या. कुठं शिवण उसवलेली, कुठं सिगारेटचा डाग, कुठं मिठानं कडक झालेली दुमड. तो कॅम्प त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण तिथं लोक कसे वागतात याचा त्यांना फाटक्या कापडावरून बराच अंदाज यायचा. मात्र एका तंबूचं कोडं सुटत नव्हतं. तो खुंटेभाऊंचा स्वतःचा. त्याच्या पाठीच्या कनातीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दरवर्षी एक भोक असायचं. दरवर्षी तिथंच.

"उंदीर असेल," खुंटेभाऊ म्हणायचे.

"उंदराला दुसरा तंबू दिसत नाही?"

"मग खेकडा."

टाकेबाई ठिगळ लावायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा भोक. मग जाड ठिगळ. पुन्हा भोक. शेवटच्या वर्षी त्या अशा काही इरेला पेटल्या की पाठीच्या कनातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी दुहेरी कापडाची पट्टी मारली, तीही मेण लावलेल्या दोऱ्यानं, दाभण घेऊन हातानं. "आता बघतेच कोण फाडतंय ते," त्या म्हणाल्या होत्या. खुंटेभाऊंनी पट्टीवरून बोटं फिरवली आणि नुसते हसले.

त्या मोसमात ते मध्येच परत आले. धाप लागत होती. तंबू तिकडेच राहिला. पावसाळाभर ते अंथरुणावर होते, आणि पाऊस सरायच्या आत गेले. जायच्या थोडे दिवस आधी त्यांनी टाकेबाईंना बाजारात पिटाळलं होतं. "एक शंख आण. मोठा बघ. तोंड फुटलेलं नको." टाकेबाई कुरकुरत गेल्या, मासळीवालीशी हुज्जत घालून मुठीपेक्षा मोठा, धड तोंडाचा शंख घेऊन आल्या. खुंटेभाऊंनी तो फिरवून फिरवून पाहिला, आत फुंकर मारली आणि डब्यात सगळ्यांच्या वर ठेवला. "झकास," म्हणाले. इतकं कौतुक त्यांनी टाकेबाईंच्या स्वयंपाकाचंही कधी केलं नव्हतं.

आणि आता कॅम्पवरून निरोप आला होता. नवीन नायलॉनचे तयार तंबू आलेत, कापडी सगळे उतरवले. भाऊंचा तेवढा पावसानंतर सामानासकट होता तसा पुन्हा लावून ठेवलाय. अमुक दिवशी सकाळी तोही उतरवून त्याचं कापड होड्या झाकायला कापणार. त्याआधी कुणीतरी येऊन सामान घेऊन जावं. लेकीला रजा मिळेना, म्हणून तिनं नवऱ्याला जुंपलं. जावईबापू विमा कंपनीत होते, त्यामुळे त्यांना कुठल्याही वस्तूत आधी धोका दिसायचा. तरी ते आले, हे टाकेबाईंनी मनात नोंदवून ठेवलं होतं.

सामान काय, जावईबापूंनी एकट्यानं आणलं असतं. टाकेबाई निघाल्या होत्या त्या वेगळ्याच कारणानं. हा माणूस इतकी वर्षं तिथं काय बघत होता, आणि घरापेक्षा तिथं जास्त सुखात होता की काय, एवढं त्यांना कळायला हवं होतं. उद्या सकाळी तंबू उतरला की विचारायला जागाच उरणार नव्हती.

*

"वहिनी! या, या!"

धक्क्यावर उभा होता तो कॅम्पचा आचारी. अंगानं धिप्पाड, आवाजानं त्याहून. खुंटेभाऊंबरोबर त्यानं कितीतरी मोसम काढले होते. टाकेबाईंना बघून त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यानं जावईबापूंच्या हातातली बॅग हिसकावून घेतली.

किनाऱ्यावर नव्या तंबूंची नारिंगी रांग होती. जावईबापू एका तंबूत डोकं घालून आले आणि खूश झाले. "चारी बाजूंनी जाळी, आई! चेन आहे! किडामुंगी आत यायची सोय नाही."

"तुम्ही झोपा तिथं. मी त्यात," टाकेबाई म्हणाल्या.

रांगेच्या शेवटी तो एकटाच उभा होता, मळक्या रंगाचा, अंग चोरून. टाकेबाईंनी लांबूनच त्याची शिवण ओळखली. जवळ जाऊन त्यांनी दोर दाबून पाहिले. दोर ढिले होते. खुंटेभाऊंना हे खपलं नसतं. त्यांनी एक खुंटी पायानं दाबली, दोर ओढून बांधला, मग दुसरा बांधला. आचारी मदतीला पुढं झाला तशा त्या म्हणाल्या, "राहू द्या. एवढं मला येतं." येत नव्हतं. दुसरा दोर सुटलाच. मग आचाऱ्यानं न बोलता तो बांधून दिला.

"दार झाडांकडं का? समुद्राला पाठ करून कोण राहतं?"

"वारा, वहिनी. दार समुद्राकडं केलं तर रात्रीतून फुगा होऊन उडून जाईल सगळं. भाऊ पहिल्यापासून असेच लावायचे. पाहुणे कटकट करायचे, की आम्ही समुद्र बघायला आलो नि तुम्ही झाडं दाखवताय."

टाकेबाई वाकून आत शिरल्या. आत चटई, तिच्यावर गादी, कोपऱ्यात दिवा, एक पिशवी. वास मात्र ओळखीचा, मिठाचा आणि त्यांच्या घरच्या साबणाचा.  मग त्यांची नजर पाठीच्या कनातीवर गेली, आणि त्या गुडघ्यांवर बसल्या.

त्यांची ती दुहेरी पट्टी कापलेली होती. पण यंदा भोक नव्हतं. खिडकी होती. तळहाताएवढी, चौकोनी, काठ दुमडून शिवलेले, वर एक झडप आणि झडपेला बटण. आणि एक नव्हे, दोन खिडक्या होत्या. दोन उशा शेजारी ठेवल्या तर जेवढं अंतर पडेल, तेवढ्या अंतरावर.

"अरे देवा," टाकेबाई पुटपुटल्या. "काय हे टाके!"

एक टाका तांदळाएवढा, पुढचा बोटाएवढा. काज तर असं, की कारखान्यात कुणी घातलं असतं तर त्यांनी त्याला त्याच दिवशी झाडू मारायला बसवलं असतं. आयुष्यभर खुंट्या ठोकलेल्या हातानं दाभण धरून, बोटं टोचून घेत, कुणालाही न विचारता शिवलेलं होतं ते. आणि बटणं त्यांनी बघताक्षणी ओळखली. करड्या शर्टाची. धापा टाकत घरी आले तेव्हा नवऱ्याच्या शर्टाला दोन बटणं नव्हती, आणि त्या तशा वेळीही त्या बोलल्या होत्या, "एवढा मोठा माणूस, बटणं सांभाळता येत नाहीत?" 

जावईबापू दारातून डोकावले. "दोन कशाला?"

"मला काय माहीत?"

"एक बंद पडली तर दुसरी. राखीव म्हणून. योग्य आहे."

टाकेबाई आडव्या झाल्या, जवळच्या खिडकीचं बटण काढलं आणि डोळा लावला. बाहेर थोडा उतार, त्यापुढं उलटी ठेवलेली एक होडी, त्यापुढं समुद्र. वाळू नि पाणी. त्यांनी बराच वेळ पाहिलं. वाळू वाळूसारखी पडली होती, पाणी येत-जात होतं. त्यांना रागही आला आणि हसूही आलं. मेला माणूस इतकी वर्षं खरंच बोलत होता!

"काय बघायचे हो इथून?" त्यांनी चहा घेऊन आलेल्या आचाऱ्याला विचारलं.

"पहाटे बघायचे. मी चहा आणला की दारातूनच दे म्हणायचे, मागून येऊ नको. एकदा मी विसरून मागून आलो, तर अशी शिवी हासडली, वहिनी, की मी दिवसभर जेवलो नाही."

"पण बघायचे काय?"

"विचारलं ना मी. तर म्हणाले, भाडेकरू."

"कुठले भाडेकरू?"

"देव जाणे. मला वाटलं, पाहुण्यांना म्हणतात." आचाऱ्यानं कान खाजवला. "आणि संध्याकाळी ते तिथं मागं शंख मांडून ठेवायचे. लहान-मोठे, दुकान मांडल्यासारखे. सकाळी काही असायचे, काही नसायचे."

"कोण न्यायचं?"

"पाहुणे नेत असतील. फुकटचं कोण सोडतं?"

टाकेबाईंनी डब्याकडे पाहिलं. एवढा मोठा डबा, पावसाळाभर गोळा केलेला, तो काय पाहुण्यांनी फुकट न्यावा म्हणून? छे! चार आण्यांसाठी भाजीवालीशी घासाघीस करणारा माणूस तो.

ऊन उतरल्यावर त्या डबा घेऊन तंबूच्या मागं गेल्या. जावईबापू सोबत आले, पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढून. दोघांनी शंख मांडले. टाकेबाईंनी आपला मोठा शंख मध्ये ठेवला, तोंड वर करून. मग जरा विचार करून तोंड बाजूला वळवलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आई!" जावईबापू एकाएकी उड्या मारायला लागले. "घोट्यापासून वर! खरंच घोट्यापासून वर!"

"मग लेख खोटं कशाला लिहील?"

"मोज्यांच्या आतून चावतायत हो!"

टाकेबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. जावईबापूंनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी आणखी दोन उड्या विनाकारण मारल्या.

रात्री लेखात लिहिलेलं सगळं झालं. भातात वाळू आली. अंथरुणात आली. पाऊस न सांगता आला आणि न सांगता गेला. समुद्राचा आवाज इतका जवळ, की लाट आता उशीशी येते की काय असं वाटत राहिलं. टाकेबाईंचा तंबू एका थेंबानंही गळला नाही, हे बघायला त्या तीनदा तरी उठल्या असतील. घरी सवयीनं त्यांना उजवी, भिंतीकडची बाजू लागायची. इथं भिंत नव्हती, तरी त्या उजव्या कडेलाच सरकल्या आणि डावी बाजू मोकळी सोडून झोपी गेल्या.

*

जाग आली तेव्हा उजाडायला लागलं होतं, पण ऊन नव्हतं. बाहेर कसलीतरी बारीक खडखड चालली होती. कपबशा कुणी हळूच एकमेकींवर ठेवाव्यात तशी.

टाकेबाईंनी उशीशेजारच्या खिडकीच्या बटणाला हात घातला. बटण निघेना. काज कडक होतं, कधी उघडलेलंच नसावं असं. अंगठ्याच्या नखानं त्यांनी ते सोडवलं, झडप उचलली आणि डोळा लावला.

वाळू चालत होती.

निदान पहिल्यांदा त्यांना तसंच वाटलं. मग दिसलं, की शंख चालतायत. त्यांनी काल मांडलेले नव्हेत, दुसरे. लहान, मोठे, मळके, खडबडीत, कितीतरी शंख उतारावरून, होडीखालून, झाडांकडून चालत येत होते, आणि प्रत्येकाखाली पायांची लगबग होती. खेकडे! पाठीवर शंख घेतलेले खेकडे. एकाच्या पाठीवर तर शंखही नव्हता. बाटलीचं निळं झाकण घालून तो फरफटत येत होता, मागचं मऊ अंग अर्धं उघडं टाकून.

टाकेबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, आणि तेवढ्यानं सगळे जागच्या जागी आत गडप झाले. वाळूवर नुसते शंख. वाळू नि पाणी. त्यांनी तोंडावर हात दाबला. श्वास रोखला. थोड्या वेळानं एक पाय बाहेर आला, मग दुसरा.

सगळ्यांत मोठा खेकडा त्यांच्या मोठ्या शंखापाशी पोचला. त्याच्या पाठीवरच्या शंखाचा रंग उडाला होता, पण तोंडापाशी अजून थोडं चमकत होतं. सोनेरी. टाकेबाईंनी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. विहीणबाईंचा शंख! शोकेसमधला! लेकीच्या लग्नाआधीपासून तो या वाळूत हिंडत होता.

"आई, उठलात का?" दारातून जावईबापूंचा आवाज. "ते तंबू उतरवणारे आलेत. म्हणतात, ऊन व्हायच्या आत..."

"श्श्!" टाकेबाई वळल्यासुद्धा नाहीत. "अडवा त्यांना. मागच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. आवाज नको."

"काय झालं?"

"तुमच्या आईंचा शंख चाललाय."

"कुठं चाललाय?"

"घर बदलायला. जा ना हो!"

जावईबापूंना काहीही कळलं नाही. पण सासूबाईंचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते अनवाणीच धावले. बाहेर त्यांची कुजबुज ऐकू आली, "थांबा हो, पाच मिनिटं. नाही, कारण विचारू नका. मलाच माहीत नाही."

इकडे मोठ्या खेकड्यानं नवा शंख नांगीनं ठोकून पाहिला. फिरवला. आत नांगी घालून खोली बघितली. घर बघायला आलेला माणूस नळ सोडून बघतो, अगदी तसा. आणि तोवर त्याच्या मागं बाकीचे येऊन थांबायला लागले. गर्दी करून नव्हे, रांगेनं. मोठ्यामागं त्याहून लहान, त्यामागं त्याहून लहान. सगळ्यांत शेवटी ते निळं झाकण. रेशनच्या दुकानात इतकी शिस्त टाकेबाईंनी कधी बघितली नव्हती.

मग ते झालं. मोठा सोनेरी शंखातून निघाला. गुलाबीसर, वाकडं, लाजिरवाणं मऊ अंग वाऱ्यावर आलं आणि बघता बघता टाकेबाईंच्या शंखात शिरलं. लगेच मागचा सोनेरीत. त्याच्या मागचा त्याच्या शंखात. एकामागून एक, रांगेतला प्रत्येक जण पुढच्याच्या घरात गेला. शेवटी एक एवढासा शंख रिकामा पडला. निळ्या झाकणवाल्यानं तो घाईघाईनं हुंगल्यासारखा केला, झाकण सोडलं आणि मागं मागं सरत आत बसला. वाळूवर फक्त झाकण राहिलं.

भाडेकरू!

म्हणून मोबाइल म्हणत होता, शंख घरी नेऊ नका. पाहुणे खिसे भरभरून शंख न्यायचे, आणि इकडे ही मंडळी झाकणं घालून फिरायची. आणि त्यांचा नवरा, दुसऱ्यांसाठी तंबू ठोकून दमलेला, पावसाळाभर बाजार पालथा घालून यांच्यासाठी घरं गोळा करायचा. दारातून बघायला गेलं की ते लपणार. म्हणून ते भोक. आणि त्या भोकाला टाकेबाई वर्षानुवर्षं ठिगळं लावत आल्या होत्या, दर वेळी आधीपेक्षा जाड.

"सांगायचं होतं की हो," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "एकदा सांगायचं होतं."

पण सांगून काय कळलं असतं? खेकडे घर बदलतात, असं त्यांनी मशीनच्या खडखडाटात सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरं, जेवायला बसा. हे दाखवायलाच हवं होतं.

तेव्हा त्यांची नजर आपल्या खिडकीच्या काठावर गेली. टाके वाकडे, पण दोरा कोरा. काज कडक. झडपेला बोटाचा डाग नाही. आणि डावीकडची, मोकळ्या बाजूची? तिच्या काठाला हाताळून हाताळून तेलकट काळी कड आली होती, बटण दोऱ्यावर लोंबत होतं. काल त्यांनी जी पहिल्यांदा उघडली ती हीच, सहज उघडली ती.

उजवी कधी कुणी उघडलीच नव्हती. ती नेमकी त्यांच्या उशीशी होती. त्यांच्या कडेला. शर्टाचं दुसरं बटण तोडून, बोटं टोचून घेत, धाप लागलेली असताना त्यानं ती शिवली होती. राखीव वगैरे काही नाही. तो बायकोला इथं घेऊन येणार होता.

टाकेबाईंना रडू फुटलं. पण आवाज करायची सोय नव्हती. बाहेर अजून दोघं-तिघं घर बघत होते, एक लहानगा दोन शंखांच्या मध्ये अडून बसला होता. त्यांनी पदर तोंडात धरला आणि डोळे कोरडे होईस्तोवर तशाच पडून राहिल्या.

तंबूबाहेर जावईबापू दबक्या आवाजात कुणाला तरी आणखी थोडं थांबायला सांगत होते. टाकेबाईंनी डावा हात लांब केला, मोकळ्या बाजूवरून पलीकडच्या खिडकीचं लोंबतं बटण काढलं, झडप वर गुंडाळली, आणि ती खिडकी उघडी ठेवून पुन्हा आपल्या खिडकीला डोळा लावला.